आनंद वर्ज्य

मावशीने इस्त्री उभी केली आणि लगबगीने पिंजऱ्यावर चादर टाकली. गल्लीत कुणाची तरी स्कूटर आली होती. आवाज थेट तिच्या मुलाच्या स्कूटरसारखा. आत बोका उठून उभा राहिला होता. शेपटीचे फटके जाळीवर बसू लागले.

"तो नाही रे. बस. बस म्हणते ना!"

बोका हा कुत्रा. कुत्र्याला असलं नाव ठेवण्याची अक्कल मुलाची. नोकरीसाठी दूर जाताना "जागा मिळाली की नेतो" म्हणून त्याने बोक्याला आईच्या गळ्यात मारलं होतं. मग बोका खोकायला लागला.

"डास चावून होतं हे," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "हृदयात जंत झालेत, दोऱ्यासारखे लांब. इंजेक्शनने मरतील, पण मेलेले तुकडे फुप्फुसात अडकतात. आता धावला, नाचला, तर जीव जाईल. अगदी आनंदानेसुद्धा."

"मुलगा भेटायला येतो म्हणतोय."

"येऊ देऊ नका."

तेव्हापासून दोघं इस्त्रीच्या खोलीत कोंडल्यासारखी राहत होती. दाराची घंटा तिने काढून टाकली. गिऱ्हाइकं खिडकीतून बोचकी देत आणि कुजबुजत विचारत, "बाळंतीण आहे की काय घरात?" ती बाजारातून परतली की बोका नाचायला बघे, म्हणून तिने बाजारच सोडला. भाजी शेजारीण आणून देई. आपण घरी आलो म्हणून कुणी नाचावं, असं तिच्या आयुष्यात फारसं घडलं नव्हतं. आणि आता नेमकं तेच टाळायचं होतं.

मुलाचा फोन सुरुवातीला रोज यायचा. मग आठवण झाली की.

शेवटी एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी बोक्याची छाती तपासली आणि कानातली नळी काढली.

"सुटलात, मावशी. पळू दे आता त्याला."

घरी येऊन तिने बाहेरचं दार सताड उघडलं. बोका बाहेर पळाला नाही. तो मुलाच्या खोलीत गेला. गादी हुंगली, कपाटाखाली नाक घातलं, पुन्हा गादी हुंगली. मग उंबऱ्याशी येऊन रस्त्याकडे तोंड करून बसला.

तिने मुलाला फोन लावला.

"बरा झाला? वा!" मुलगा म्हणाला. "आई, इथे घरमालक नको म्हणतोय गं. शिवाय मी दिवसभर बाहेर."

"हं."

"तुला जड जाईल का?"

"मला कसलं जड?"

"तो... वाट बघतो का माझी?"

फोनमधून झिरपणारा आवाज बोक्याने ओळखला होता. त्याचे कान ताठ झाले. तिने फोन कानाशी घट्ट दाबला आणि त्याच्याकडे पाठ केली.

"छे रे," ती म्हणाली. "केव्हाच विसरला."

मुलाने सोडलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला.