कैरव म्हणे!

माझा थोरला भाऊ कचेरीत हेडक्लार्क आहे आणि नाकाने कांदे सोलण्यात त्याचा हात धरणारा अजून जन्मायचाय. आमच्या वडिलांचं, अण्णांचं, नाव केरबा. ते जन्मभर कारखान्याच्या भट्टीवर राबले, त्या घामावर हा शिकला, आणि सही करताना बापाच्या नावाचं नुसतं 'के.' लिहितो. कुणी खोदून विचारलंच तर म्हणतो, "केरबा हे कैरवचं रूप. कैरव म्हणजे पांढरं कमळ. मूळ संस्कृत." कैरव शब्द कोशात आहे, एवढंच खरं. आमच्या सात पिढ्यांत कमळाकडे बघत बसायला कुणी रिकामं नव्हतं. त्यावर त्याने कचेरीच्या वार्षिक अंकात दोन पानं खरडली आणि अंक मिरवत माझ्या शिलाईच्या टेबलावर आणून ठेवला. कापडावर खुणा करायच्या खडूंखाली तो बरा बसला.

अण्णांचा मोतीबिंदू पिकला. डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी दहाचा नंबर होता. मला शाळेचे गणवेश पोचवायचे होते, आणि अण्णा दादाकडेच राहत होते, म्हणून दादाच त्यांना घेऊन गेला. मी दुपारी एकला पोचले. अण्णा भिंतीलगतच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं. दादा चार खुर्च्या सोडून, पायावर पाय टाकून, आपल्या साहेबांशी बोलत होता. साहेब स्वतःचे डोळे तपासायला आले होते.

दारातली नर्स मला म्हणाली, "केरबा म्हणजे ते आजोबाच ना? तीनदा पुकारलं हो. आता डॉक्टर गेले, पंधरा दिवस नाहीत."

मी दादापाशी गेले. "तुला ऐकू नाही आलं?"

"हळू बोल," तो दातओठ खात पुटपुटला. "ती बाई केरबा, केरबा म्हणून बोंबलत होती. साहेब शेजारी बसलेत. गर्दी ओसरली की नेणारच होतो."

ज्या बापाच्या खांद्यावर बसून हा जत्रेतली गंमत बघायचा, त्या बापासाठी याला खुर्चीतून उठवेना!

साहेब मात्र उठून अण्णांजवळ आले. मोठ्या आवाजात म्हणाले, "नमस्कार. तुमच्या नावावरचा लेख वाचला मी. कैरव, पांढरं कमळ!"

"कोण कमळ?" अण्णा हसले. "छे हो! केर. झाडून काढतात तो."

दादाने घसा खाकरला. अण्णा आपल्याच नादात सांगत राहिले.

"माझ्याआधीची तीन पोरं गेली. मी झालो तेव्हा आईनं मला उंबऱ्याबाहेर केराच्या ढिगावर ठेवलं आणि शेजारणीला हाक मारली, 'टाकलंय, हवं तर घे.' शेजारणीनं उचललं, धुतलं-पुसलं आणि परत आईच्या मांडीवर दिलं. 'केर आहे, सांभाळ' म्हणाली. आई म्हणायची, मरण चांगलं तेवढंच उचलतं, केराला कोण हात लावतंय? आता एक्याऐंशी चालू आहे बघा."

साहेब दादाकडे वळून तशाच मोठ्या आवाजात म्हणाले, "नाव पुकारलं तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"

"माझं लक्ष नव्हतं, सर."

"मला तर तिन्ही वेळा ऐकू आलं," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

रस्त्यावर आल्यावर अण्णांनी मला विचारलं, "मला पुकारलं होतं?"

"हो."

"आणि हा तिथंच होता?"

दादाने रिक्षा थांबवली. अण्णा चाचपडत आत बसले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "हिच्या घरी घ्या." दादा फुटपाथवर तोंड वासून उभा राहिला. त्या दिवसापासून अण्णा माझ्याकडे आहेत.

डॉक्टर परतल्यावर ऑपरेशन झालं, छान झालं. आठवड्याने दादा आला. माझा जिना चढताना धापा टाकत होता. डोळा कसा आहे, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. स्टुलावर बसून म्हणाला, "अण्णा, साहेबांसमोर ते केराचं सांगायला नको होतं. कचेरीत सगळे हसतात मला."

अण्णांनी नव्या डोळ्याने त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"हसू दे की," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडून मोठमोठ्याने वाचू लागले.