तूदाचं रडू

सुनेला दारात पाहिलं आणि आम्ही शेजारच्या बायका एकमेकींकडे बघू लागलो. आत तूदा नवऱ्याच्या शोकात पांढऱ्या कपड्यांत बसलेली, आणि बेल्जियमहून आलेली तिची सून अनिक डोक्यापासून पायापर्यंत काळं गुंडाळून उभी. मागून तूदाचा मुलगा लहसन ओशाळून पुटपुटला, "विमानात बसतानाच घातलं तिनं. मी सांगून थकलो."

ती ऐकेल कशाला? सासूकडूनच तर शिकली होती.

वाळवंटातला सिनेमा म्हटला की लढाई आली, लढाई म्हटली की विधवा आली, आणि परदेशी सिनेमे काढतात त्या आमच्या वारझाझात गावात विधवा म्हटली की तूदा. परक्यांच्या कॅमेऱ्यांपुढे ती वर्षानुवर्षं छाती बडवून रडली, तीही काळ्या कपड्यांत. एकदा धीर करून तिनं सांगितलं होतं की आमच्याकडे विधवा पांढरं नेसते. साहेबांनी दुभाष्याकरवी कळवलं, पांढऱ्यात ती लोकांना नवरी वाटेल. म्हणजे नवरा आमचा, मरण आमचं, रंग तेवढा त्यांचा. लहसननं तेच सिनेमे तिकडे बायकोला कौतुकानं दाखवले.

तिचा नवरा बासू गवंडी होता. चहाच्या दुकानात लोक त्याला चिडवायचे, "काय रे, आज परत मेलास म्हणे?" तो शांतपणे म्हणायचा, "मेलो होतो. जेवायच्या सुट्टीत उठवलं." मरणाची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. त्या हिशेबानं बासू शंभरी गाठणार अशी आमची खात्री होती. परवा भिंत लिंपता लिंपता खाली बसला, तो उठलाच नाही.

तेव्हापासून तूदाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तसं आमच्यात मेलेल्यामागे आक्रोश करणं बरं मानत नाहीत. डोळ्यांतून येईल ते येऊ द्यावं, तोंडातून दुवा निघावी. पण तिच्या डोळ्यांतूनही काही येईना, आणि मला तिच्याबद्दल भीती वाटू लागली होती.

अनिक तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून तिच्या रडण्याची वाट पाहत राहिली. शेवटी नात बोलली. सात वर्षांची नोरा, मोडक्यातोडक्या आमच्या भाषेत.

"आजी, सिनेमात किती रडलीस. आजोबांसाठी का नाही रडत? आवडत नव्हते?"

तूदानं नातीकडे पाहिलं. मग हात वर गेला, छातीवर पडला, आणि तो हंबरडा फुटला. डोळ्यांतून धारा लागल्या. अनिकनं तिला मिठी मारली आणि मनसोक्त रडली. बाहेर कुराण वाचणारे फकीह खाकरले. बायकांनी माना खाली घातल्या. नोराचं मात्र समाधान झालं.

सगळे जेवायला उठले. मी जवळ सरकून म्हटलं, "बरं झालं गं, मोकळी झालीस."

"कुठली मोकळी," तूदा म्हणाली. चेहरा ओढणीनं तिनं कधीच पुसून घेतला होता. "ते पोरीसाठी होतं. त्याच्यासाठी वेगळं यायला हवं होतं. काल शोधलं, आज शोधलं. मला एवढं एकच येतं गं."

विधवेच्या रिवाजाप्रमाणे चार महिने दहा दिवस तिला पांढऱ्यात, त्याच खोलीत बसायचं होतं. आणि रोज कुणी ना कुणी तिला भेटायला, तिच्या डोळ्यांकडे बघायला येणार होतं.