मालक कामावर आले

देशात शेअर बाजार नवाच उघडला होता आणि त्यात कंपनी एकच होती, आत्याचा पाण्याच्या पंपांचा कारखाना. बाजाराचा साहेब तिचा भाचा. त्यानेच गळ घालून तिला तिथे नेलं. शेअर हातोहात खपले. त्या पैशांत नवी भट्टी येणार होती, नाहीतर जुन्या भट्टीबरोबर कारखानाही विझणार हे आत्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंभरेक माणसं डबे घेऊन फाटकाशी हजर.

"आम्ही मालक," पुढे उभा असलेला शिंपी म्हणाला. "कामाला आलोय."

भाचा धावत फाटकाशी आला. "अहो, शेअरवाल्यांनी घरीच बसायचं असतं!"

"घरी बसून कसली मालकी? मग पैसे द्या परत."

"तू गप रे, दीडशहाण्या," म्हणत आत्याने भाच्याला मागे सारलं. "मालकहो, उशीर झालाय! नव्या भट्टीचा पाया खणायचाय, फावडी तिकडे आहेत. मजुरी मिळणार नाही. मालकांना मजुरी नसते."

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत पाया खणून झाला.

पुढच्या सकाळी फाटकाशी चिटपाखरू नव्हतं. सगळे मालक घरी कंबर शेकत पडले होते आणि पैशांचं नाव कुणी काढत नव्हतं.

"घे," आत्या भाच्याला म्हणाली, "झाले तुझे शेअरवाले तयार."