सत्तावीस जणांचं शून्य

"शून्य," आकडेवाली म्हणाली आणि पुढच्या ओळीवर गेलीसुद्धा.

"थांबा," मी म्हणालो. "काय शून्य?"

"क्रमांक सतरा, काका. स्क्रीन रीडर. सहा वर्षांत एकाही कॉम्प्युटरवर वापरल्याची नोंद नाही. म्हणून यादीतून बाद."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्क्रीन रीडर म्हणजे न दिसणाऱ्यांना पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम.

सगळ्या सार्वजनिक वाचनालयांतल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी आमच्या विभागानं बांधलेली लिनक्स चालते. जगात प्रोग्राम हजारो आहेत. त्यांतले कोणते आम्ही आधीपासून भरून द्यायचे, हे दर दोन वर्षांनी याच टेबलाभोवती ठरतं. वाचनालयांना वाटलेले पेनड्राइव्ह दोन जीबीचे, कोणत्या काळात घेतलेत देव जाणे. त्यामुळे एक प्रोग्राम आत घ्यायचा तर दुसऱ्याला बाहेर काढावं लागतं. तो पेनड्राइव्ह तयार करणारा माणूस मी. एकोणीस वर्षं हेच करतोय, अजून चार महिने करणार, मग घरी.

"पत्त्यांचा खेळ राहतोय का?" मी विचारलं.

"राहतोय ना. चार हजार दोनशे जण खेळतात."

"कामाच्या वेळात! आणि ही डोंगर-समुद्राची वॉलपेपरं? साठ एमबी खातात ती. स्क्रीन रीडर अडतीस."

कोणीतरी हसलं. साहेबही गालात हसले. साहेब माझ्या मुलीच्या वयाचे, पण मला अहोजाहो करतात, तेवढं मानलं पाहिजे.

"काका, चिडू नका. आपण बंदी थोडीच घालतोय? ज्याला हवं त्यानं नेटवरून उतरवून घ्यावं. दोन मिनिटांचं काम."

"अहो, ज्याला पडदा दिसत नाही तो उतरवणार कसा? उतरवायचं बटण शोधायलाच त्याला तो प्रोग्राम लागतो! पेनड्राइव्ह लावल्यापासून तो बोलायला हवा, तरच त्याला पुढचं सगळं करता येतं. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप घालताय तुम्ही!"

"पण वापरतंय कोण?"

"माझी बहीण वापरते. वाचनालयात नोकरी आहे तिची. रोज आठ तास तेच ऐकून काम करते."

"मग निदान एक तरी दिसला असता ना, काका," आकडेवाली हळूच म्हणाली. तिचं बोलणं चुकीचं नव्हतं, त्यामुळे तर मला आणखीच राग आला.

"यादी पाच वाजता बंद होईल," साहेब म्हणाले. "तोवर काही पुरावा असेल तर आणा."

पुरावा! आठ तास काम करणाऱ्या बाईचा पुरावा! मी फाइल आपटून तडक निघालो. छोटीचं वाचनालय आमच्या कचेरीपासून दोन थांब्यांवर. बावन्न वर्षांची झाली तरी घरात ती छोटीच. एके काळी छापखान्यात मुद्रितं तपासायची. चौतिसाव्या वर्षी डोळे गेले, तेव्हा ते काम गेलं. मग स्क्रीन रीडर शिकली, परीक्षा दिली आणि वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करायला लागली. पेनड्राइव्ह आला की आपला कॉम्प्युटर ती स्वतःच भरून घेते. आता प्रोग्रामच नसला तर पहिल्या तारखेला नवा पेनड्राइव्ह लागला की ती मुक्या यंत्रापुढे बसणार, आणि तिच्या जागेवर दुसरं कोणी आणायला तिचे वरिष्ठ टपलेलेच होते.

गेल्या गेल्या मी तिच्यावरच खेकसलो. "तू हो का म्हटलं नाहीस?"

"कशाला हो?" ती म्हणाली. "आधी बस. पाणी पी. मग ओरड."

"अगं, कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला की एक खिडकी विचारते, तुम्ही काय काय वापरता ते आम्हाला कळवू का? हो म्हटलं तरच मोजतात. तुझं नावच नाही मोजणीत!"

"मला असं कधी कुणी विचारलं नाही."

"विचारतंच! थांब, दाखवतो."

तिच्या कॉम्प्युटरवर मी नवं खातं उघडलं. खिडकी आली. मी बाजूला झालो, छोटीनं कळांवर हात ठेवला. स्क्रीन रीडरला ती बडबड्या म्हणते. त्याचा वेग एवढा, की मला एक शब्द कळत नाही. या वेळी मात्र मलाही कळलं.

"बटण," बडबड्या म्हणाला. तिनं कळ दाबली. "बटण." पुन्हा दाबली. "बटण."

"ही होय!" छोटी म्हणाली. "अरे, ही आली की आम्ही सगळे एस्केप मारून ती घालवतो. नुसतं बटण, बटण. कशाचं बटण ते सांगतच नाही. दाबावं आणि सगळं पुसून गेलं तर? कुठल्या गाढवानं केलीय रे ही?"

पडद्यावर बरोबरची हिरवी खूण होती आणि लाल फुली होती. गोल, देखणी बटणं. आठवडाभर बसून रंगवली होती. प्रश्नसुद्धा सुंदर अक्षरांत, पण चित्र म्हणून चिकटवलेला. चित्रांना नावं द्यावी लागतात, तर बडबड्याला ती वाचता येतात. नावं दिलेलीच नव्हती. खिडकी दिसली मात्र छान होती, तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

"मी," मी म्हणालो.

छोटीनं कळांवरचे हात काढून घेतले.

"तू केलीस?"

"हो."

"कधी?"

"सहा वर्षं झाली."

"दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतोस तू." तिचा आवाज चढला, पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "सहा वर्षं येतोस, पोटभर जेवतोस, कॉम्प्युटरच्या गप्पा मारतोस. एकदा, एकदा तरी विचारायचंस ना रे, छोटे, ही तुला वाचता येते का? आणि आज माझ्यावरच ओरडत आलास!"

सकाळपासून ज्यांना मनातल्या मनात शिव्या हासडल्या, त्यांच्या रांगेत पहिला मीच उभा होतो.

"लिहून घे," ती म्हणाली. "आम्ही सत्तावीस जण आहोत, वेगवेगळ्या वाचनालयांत. महिन्यातून एकदा फोनवर जमतो." आणि तिनं सत्तावीस नावं, सत्तावीस फोन नंबर घडाघड तोंडपाठ सांगितले.

परत येऊन आधी बटणांना नावं दिली, प्रश्न अक्षरांत लिहिला. चार मिनिटं लागली. चार मिनिटांचं काम! मग साहेबांपुढे सत्तावीस नावांचा कागद ठेवला आणि ती खिडकी उघडून दाखवली.

साहेब हुशार. त्यांच्या लगेच लक्षात आलं. "म्हणजे हो म्हणणाऱ्यांनाच आपण मोजलं, आणि यांना हो म्हणताच येत नव्हतं?"

"बरोबर."

त्यांनी उठून दार लावून घेतलं. "काका, स्क्रीन रीडर ठेवतो. वॉलपेपर कमी करू. तुमच्या बहिणीसाठी, तुमच्या शब्दाखातर. पण हे खिडकीचं आपल्यातच राहू द्या. सहा वर्षांचे अहवाल वर गेलेत, त्यांवर माझ्याही सह्या आहेत. शिवाय चूक निघेल ती तुमच्या नावावर, तीही निवृत्तीला चार महिने असताना."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? जिन्यात येऊन लगेच छोटीला फोन लावला. "राहिला गं तुझा बडबड्या! तुझ्यासाठी म्हणून ठेवला साहेबांनी."

"माझ्यासाठी? म्हणजे आम्ही सत्तावीस जण आहोत, हे मान्य केलं त्यांनी?"

"तसं नाही... माझ्या शब्दाखातर."

"आणि मोजणी?"

"ती आहे तशीच राहील. वरती काही कळवायचं नाही, असं ठरलंय."

"कोणी ठरवलं? तू?" ती कडाडली. "अरे, वरती आम्ही शून्यच ना मग! चार महिन्यांनी तू घरी बसलास की पुढच्या खेपेला कुणाचा दादा शोधायचा आम्ही? नको मला तुझी मेहेरबानी. लेखी दे सगळं."

"लेखी दिलं तर साहेब हात झटकतील. या खेपेला प्रोग्राम जाईल, छोटे. तुझी नोकरी..."

"माझी नोकरी मी बघते. या खेपेला तू शेजारी बसून पडदा वाच. बाकीच्यांना मी सांगते. शिव्या घालतील, त्या तुला घालतील."

जागेवर येऊन पत्र लिहिलं. पुन्हा फोन लावून तिला वाचून दाखवलं. 'सदर खिडकी मी तयार केली. त्या वेळी बटणांना नावे देण्याचे अनवधानाने राहून गेले.'

"अनवधानाने काढ," छोटी म्हणाली.

"अगं, असंच लिहितात."

"म्हणूनच काढ. छापखान्यात वर्षानुवर्षं तेच वाचलंय मी. विचारलं नाही, असं लिही."

मी लिहिलं, 'ज्यांना पडदा दिसत नाही त्यांना मी विचारले नाही. माझी स्वतःची बहीण त्यांपैकी आहे.' खाली सत्तावीस नावं घातली, स्वतःचं नाव घातलं आणि पाचला आठ मिनिटं असताना पत्र वर पाठवून दिलं.

साडेपाचला उत्तर आलं. माझी चौकशी होईल, आणि ती पूर्ण होईपर्यंत यादी आकड्यांप्रमाणेच राहील. पत्त्यांचा खेळ आत. डोंगर-समुद्र आत. क्रमांक सतरा बाहेर. आकडेवाली माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हणालो, "तुम्ही बरोबरच मोजलंत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र अजून राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

पहिल्या तारखेला मी रजा टाकली आणि वेगळ्या पेनड्राइव्हवर बडबड्याला घेऊन छोटीच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलो. तिचे वरिष्ठ दारातून दोनदा डोकावून गेले. यंत्र भरून झाल्यावरच बडबड्या आत घालता येणार होता, तोवर पडद्यावर येईल ते मी वाचत होतो आणि ती कळा दाबत होती. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, जुनं पुसायचं का. एका ठिकाणी मी अडखळलो, चष्मा पुसला.

"काय रेंगाळतोस?" छोटी म्हणाली. "भराभर वाच. अजून सव्वीस जणांकडे जायचंय तुला."