आप्पांनी ओटीपी दिला नाही

दमणच्या अंतिम फेरीसाठी सोनीची निवड झाली, असं अनुराधा मॅडमनी सांगितलं आणि सोनीने लॅबमध्ये अशी उडी मारली की टेबलावरचा माउस खाली लोंबकळायला लागला. शाळांच्या सायबर सुरक्षा स्पर्धेत अख्ख्या सिल्वासातून एकटी नववीतली पोर, तीही मराठी माध्यमाची! नाकं मुरडणाऱ्यांनी आता बसावं म्हणावं गप्प! फक्त पाचच्या आत फॉर्म पक्का करायचा होता. नाही केला, तर जागा पुढच्या नंबराच्या मुलीला. आणि ती मेली वेबसाइट दुपारभर रुसून बसलेली, चार वाजून गेल्यावर कुठे उघडली.

फॉर्म भरून झाला. शेवटी एक चौकोन उरला, पालकांच्या मोबाइलवर आलेला, पाचपर्यंत चालणारा ओटीपी टाकायचा. पालक म्हणजे आप्पा, सोनीचे वडील. मूळचे शिरपूरकडचे, किलवणीच्या बाजूला धाग्याच्या कारखान्यात कामाला. त्यांची पाळी नुकतीच सुटली असणार. सोनीने मॅडमच्या फोनवरून त्यांना फोन लावला.

"आप्पा, मी सोनी. मॅडमच्या फोनवरून बोलतेय. तुमच्या मोबाइलवर आत्ता सहा आकडे आलेत ना? सांगा पटकन!"

पलीकडे आप्पा खदखदून हसले.

"आली का परत! या खेपेला नाही फसायचो मी!"

"आप्पा, खरंच मी आहे!"

"मागच्या खेपेलाही खरंच तूच होतीस. ठेव फोन!"

करावं तसं भरावं म्हणतात, ते काय उगीच? महिन्यापूर्वी मॅडमनी वर्गाला गृहपाठ दिला होता. घरच्यांना एक खोटा फोन करून बघा, फसले तर नीट समजावून सांगा. एक! पण सोनीच्या उत्साहाला आवर असेल तर ना. तिने आप्पांच्या कारखान्यातल्याच कल्पेशला, म्हणजे आपल्या आतेभावाला, हाताशी धरलं. तो एकदा बँकेचा साहेब झाला, एकदा वीज कंपनीचा. आप्पा दोन्ही वेळा फसले. तिसऱ्यांदा सोनी स्वतःच हुंदके देत बोलली, "आप्पा, मला पकडून ठेवलंय हो, आकडे सांगा, नाहीतर मला सोडणार नाहीत." आप्पांची बोबडी वळली. आकडे तर सांगितलेच, वर अनवाणी रस्त्यावर धावत आले. रात्री जेवताना सोनी आईसमोर पोट धरून हसली. आप्पाही हसले, पण त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली त्यांनी.

आता सोनीने पुन्हा फोन लावला. या वेळी रडू खरंच फुटलं होतं.

"आप्पा, पाया पडते! माझी जागा जाईल हो!"

"रडणं झकास जमलंय, पोरी. पण कुणालाच सांगायचं नाही, तूच बोललीस ना? कुणालाच म्हणजे तुलाही नाही!"

फोन बंद. तिसऱ्यांदा लावला तर लागेचना. आप्पांनी नंबर ब्लॉक केला होता. आणि ब्लॉक करायला शिकवलं कुणी? या बाईसाहेबांनीच! घ्या आता!

"चल, बस मागे," मॅडमनी स्कूटरची किल्ली उचलली. "समोर उभी राहिलीस की देतील." दोघी तशाच पळत सुटल्या.

कारखान्यांच्या बसेस सुटायची वेळ. समोर कंटेनर आडवा, मागे टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मॅडम मूळच्या नाशिकच्या, स्कूटर अशी घालतात की माणसाने डोळेच मिटून घ्यावेत. तेवढ्यातही त्यांनी मान न वळवता विचारलं, "तुझा आवाज ऐकूनही विश्वास कसा नाही त्यांचा?" सोनीने सगळं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "मी एक फोन सांगितला होता, सोनी. साधा फोन. बापाच्या काळजाशी खेळायला नव्हतं सांगितलं." सोनीला वाटलं, आत्ताच्या आत्ता स्कूटरवरून उतरून कुठेतरी तोंड लपवावं.

कारखान्याच्या गेटवर कल्पेश चहा पीत उभा होता.

"मामा? ते तर केव्हाच गेले. शेअर रिक्षा पकडली त्यांनी. शाळेत जातो म्हणाले."

"शाळेत?" सोनी किंचाळली. "अरे, आम्ही शाळेतूनच आलो! लाव फोन त्यांना!"

कल्पेशने लावला. रिंग गेली, आप्पांनी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. बँकेच्या साहेबाचा फोन कोण उचलणार? मॅडमनी शाळेच्या ऑफिसात फोन केला. शिपाई मधुकरभाऊ वैतागलेलेच होते.

"मॅडम, कुठे आहात तुम्ही? लॅबला कुलूप लावायचंय मला. सोनीचे वडील आत बसलेत, उठायचं नाव नाही!"

"त्यांना द्या फोन!" सोनी ओरडली.

पलीकडे कुजबुज झाली. "नाही घेत म्हणतात. सोनी असली तर समोर येईल म्हणतात."

पाचाला दहा कमी. स्कूटर वळली. सोनी मागे बसून देवाला, वेबसाइटला आणि टेम्पोवाल्यांना एकाच दमात हात जोडत होती. अर्ध्या वाटेत घड्याळात पाच वाजलेले तिने पाहिले आणि जोडलेले हात सोडले. दमण गेलं. दुसऱ्या कुणी नाही, तिनेच घालवलं.

लॅबच्या दारात तमाशा चालू होता. मधुकरभाऊ किल्ल्या वाजवत उभे, त्यांच्या बाजूला हेडमास्तर रघुनाथ सर. आत सोनीच्या कॉम्प्युटरसमोर आप्पा दोन्ही हात पसरून बसलेले.

"सर, माफ करा, तुम्हालाही नाही," आप्पा सांगत होते. "पोरगी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

सोनी त्यांच्या हाताखालून आत घुसली. पडद्यावर तिचा फोटो, तिचं नाव आणि खाली हिरव्या अक्षरांत: नोंदणी पूर्ण झाली.

"आप्पा! हे कुणी केलं?"

"मी. यंत्र शाळेचं, फोटो तुझा, मधुकरभाऊ ओळखीचे. सगळं नीट बघितलं, मग एकेक आकडा दाबला. आणि सांगितला कुणालाच नाही, हां! यांना तोंड फिरवून भिंतीकडे उभं केलं होतं."

"पाच मिनिटं!" मधुकरभाऊ करवादले.

सोनी हसत होती, रडत होती, मॅडमच्या गळ्यात पडत होती, काय करत होती तिचं तिलाच कळत नव्हतं. दमणला जायचंय! खरंच जायचंय!

"मग उठत का नाही तुम्ही?" तिने विचारलं.

"तू हे उघडंच टाकून गेलीस. कुणी येऊन तुझ्या नावावर भलतंच भरलं असतं. बंद कसं करतात मला येत नाही, म्हणून बसलो राखत."

सोनीची मान खाली गेली. कॉम्प्युटर सोडताना लॉगआउट करा, असं फळ्यावर तिच्याच हाताने लिहिलेलं होतं. तिने लॉगआउट केलं. तेव्हा कुठे आप्पा उठले.

"आप्पा, तुम्हाला तर फोन खोटा वाटला होता. मग आलात कशाला?"

"खोटा असता तर रिक्षाची एक फेरी फुकट गेली असती," आप्पांनी चपला सरकवल्या. "आणि खरा असता तर माझी पोर रडत होती ना."