आधी थोरलीची धार

मित्रांनो, म्हातारी शेळी काय सांगणार, असं म्हणून नाक मुरडू नका. माझी दाढी पिकली आहे, गुडघे कुरकुरतात, पण डोकं अजून ठिकाणावर आहे. मला सगळे थोरली म्हणतात. पत्र्याच्या गोठ्यामागे जाळी मारलेल्या खोपटात मी एकटी राहते. ही वेळ माझ्यावर कशी आली, ते ऐका.

आमची मालकीण म्हणजे मामी. ती नक्की कोणाची मामी, हे कोणालाच ठाऊक नाही, पण दूध न्यायला येणारा जो तो तिला मामीच म्हणतो. मी पहिल्यांदा व्याले आणि चरवी भरून दूध देऊ लागले, तेव्हा मामीने माझं कोण कौतुक केलं! गोठ्यात रीतच पडून गेली. धार काढायची ती आधी थोरलीची, मग बाकीच्यांची. मामी कोमट पाण्यात फडकं पिळायची, माझी कास पुसायची, धार काढायची आणि तेच फडकं घेऊन पुढच्या शेळीकडे वळायची. पहिला मान माझा, म्हणून मीही जरा तोऱ्यातच असायचे. मध्ये कोणी घुसलीच, तर शिंगं दाखवायला कमी करत नसे.

मग एके दिवशी काळी नावाच्या शेळीची कास दगडासारखी घट्ट झाली. दुधात गुठळ्या आल्या. ती खाईना की पिईना. तिच्या पाठोपाठ दुसरी आजारली, मग तिसरी. मामीच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी तिच्या सुनेने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी आम्हा सगळ्यांचं दूध तपासायला नेलं आणि पुढच्या खेपेला आल्या त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सुरुवात हिच्यापासून झाली," त्या म्हणाल्या.

"थोरलीपासून? अहो, ती तर ठणठणीत आहे!" मामी म्हणाली.

"वरून ठणठणीत. जंतू कासेत दडून बसलेत, आणि ते आता औषधाने निघतील असं वाटत नाही. तुम्ही रोज आधी हिची धार काढता. मग त्याच हातांनी, त्याच फडक्याने बाकीच्यांची. दुसरं काय होणार?"

सून हळूच म्हणाली, "आई, विकून टाकू या का हिला?"

"आणि आपलं दुखणं दुसऱ्याच्या गोठ्यात धाडू? ते माझ्याच्याने व्हायचं नाही."

अशी मी या खोपटात आले. ते फडकं चुलीत गेलं. माझी धार सगळ्यांच्या शेवटी निघू लागली आणि ते दूध लांब खड्ड्यात ओतलं जाऊ लागलं. त्याचंही मला एवढं वाटलं नाही. माझा जीव टांगणीला लागला होता तो धाकटीसाठी. धाकटी माझी लेक, नुकतीच पहिल्यांदा व्यालेली. गोठ्यात ती माझ्या शेजारी असायची, आणि माझ्यानंतर लगेच तिची धार निघायची. पहिल्या तपासणीत ती सुटली होती, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुन्हा बघावं लागेल. ती पलीकडून दिवसभर ओरडायची आणि मी इकडून ओ द्यायचे. माझ्यामुळे हिची कास गेली तर, या विचाराने मला पाला गोड लागत नव्हता.

पुन्हा तपासणी झाली. "धाकटी एकदम स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि या वयात मी चक्क उडी मारली.

"मग थोरलीला आत घेऊ?" मामीने आशेने विचारलं.

"मुळीच नाही. लेक निरोगी राहायला हवी असेल, तर या दोघी पुन्हा शेजारी यायच्या नाहीत."

माझे पाय जागच्या जागी थांबले. मी तिच्यासाठी जे मागत होते ते मिळालं होतं, आणि म्हणूनच ती मला कायमची दुरावली होती.

आता मी आटले आहे. धाकटी तिच्या करडांत रमली आहे, हल्ली हाक मारत नाही. तेच बरं, असं मी स्वतःला समजावते, पण कान मात्र तिकडेच लागलेले असतात. माझ्यापाशी दुसरं करायला तरी काय आहे?

मित्रांनो, जनावरांवर माया जरूर करा, पण हात धुऊन करा. प्रत्येकीला वेगळं फडकं घ्या, आणि आजारी असेल तिची धार शेवटी काढा, मग ती कितीही लाडकी असो. आणि कोणाला वेगळं ठेवायची वेळ आलीच, तर जाता-येता जाळीबाहेर उभं राहून तिच्याशी दोन शब्द बोला. तेवढ्याने रोग पसरत नाही.