हार्मचा कागदी गुलाब

आमची पालिका मोडली, आमचं एल्सवोल्ड एका शहराला जोडलं आणि ओल्डेब्रिंक दुसऱ्याला. नकाशे काढणाऱ्यांचं काय जातंय! दोन गावांमध्ये एक ओढा, एवढंच अंतर. पण लग्नाला पन्नास वर्षं झाली की शेजाऱ्यांनी दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधायची, तिला कागदी गुलाब लावायचे, हे काही पालिकेनं ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे ते मोडलंही नाही.

येत्या शनिवारी पाळी हार्म आणि फेनाची होती. मी त्यांची सगळ्यात जवळची शेजारीण, म्हणून सारी उठाठेव माझ्या गळ्यात. आणि फेना म्हणे, मी घरी येणारच नाही. अर्धांगाचा झटका येऊन तिचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून ती ओल्डेब्रिंकच्या शुश्रूषागृहात होती. दोन्ही गावांच्या कमानींचे गुलाब वर्षानुवर्षं तिनंच केलेले. आता हा हात घेऊन लोकांसमोर बसू का, म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. हार्म बिचारा रोज सायकलवरून जायचा आणि तिच्या पाठीकडे बघून परत यायचा. मला दोघांचाही राग यायचा आणि कीवही.

शेवटी मी शेजाऱ्यांनी केलेल्या गुलाबांची टोपली उचलली आणि थेट तिच्या पलंगावर नेऊन ठेवली. ज्यांची कमान त्यांना आधी काही दाखवायचं नसतं, ठाऊक आहे मला. पण नियम पाळून ती घरी येणार होती थोडीच?

फेना वळली. डाव्या हातानं एकेक गुलाब उचलून नावं ठेवायला लागली. हा ढिला, त्याची तार दिसतेय. मी मनात म्हटलं, बोल बाई, बोल. मग तिनं एक चुरगळलेला लाल गोळा वर धरला.

"हा कोबी कुणी केला?"

"हार्मनं," मी म्हटलं. "ज्याची कमान त्यानं हात लावायचा नसतो ना, म्हणून गोठ्यात बसून चोरून केला. मी पाहिलं नाही असं वाटतंय त्याला."

तो गोळा काही तिनं खाली ठेवला नाही.

"पन्नास वर्षांत या माणसानं मला एक फूल आणून दिलं नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, माझेही.

"रुली, हा मधोमध लाव. आणि हार्मला म्हणावं, शनिवारी मला न्यायला ये. नीट लागलाय का, ते मी स्वतः बघणार आहे."